दाताची सरहद्द (थ्रेड)

लक्झेंबर्ग हा युरोपातला चिमुकला देश. १९९४ च्या फेब्रुवारीत तिथल्या आरोग्यविमा निधीने रेमंड कोल या नागरिकाला नकार कळवला. कोल यांच्या अल्पवयीन मुलीच्या दातांना तारा बसवायच्या होत्या. त्यासाठी तिला सीमेपलीकडे, जर्मनीतल्या ट्रियर शहरातल्या दंतवैद्याकडे जाऊ द्यावे, अशी विनंती लक्झेंबर्गमधल्याच एका डॉक्टरने केली होती. निधीचे म्हणणे थोडक्यात असे : उपचार तातडीचा नाही, तो देशातही होऊ शकतो, तेव्हा परवानगी नाही.

कोल यांनी माघार घेतली नाही. प्रकरण एकेक पायरी चढत युरोपीय न्यायालयापर्यंत गेले. (हे न्यायालयही लक्झेंबर्ग शहरातच भरते.) २८ एप्रिल १९९८ रोजी निकाल लागला, तो कोल यांच्या बाजूने. परदेशी जाऊन उपचार घ्यावा आणि त्याचा खर्च आपल्या देशाच्या विम्यातून मागावा, या युरोपीय हक्काचा पाया असा एका मुलीच्या दातांवर घातला गेला.

त्याच दिवशी त्याच न्यायालयाने आणखी एक निकाल दिला. डेकर नावाच्या दुसऱ्या लक्झेंबर्गकराने बेल्जियममधल्या आर्लाँ गावी चष्मा विकत घेतला होता आणि त्याचेही पैसे निधीने नाकारले होते. तोही जिंकला.

दात आणि चष्मा. हृदय नव्हे, मूत्रपिंड नव्हे. मोठ्या आजारांवरचे खटले मागाहून आले. सरहद्दीचे दार पहिल्यांदा ठोठावले ते या दोन किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींनी. याचे कारण समजून घ्यायचे तर लक्झेंबर्ग सोडून आधी लंडनला आणि अर्धशतक मागे जावे लागते.

५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. आरोग्यमंत्री होते अनायरिन बेव्हन. वेल्समधल्या खाणकामगाराचे पुत्र, आणि वयाच्या तेराव्या वर्षापासून स्वतःही खाणीत राबलेले. उपचाराच्या वेळी रुग्णाकडून एक पैसाही घ्यायचा नाही, हे या सेवेचे तत्त्व. पहिल्याच दिवसापासून गर्दी उसळली आणि त्या गर्दीतला मोठा हिस्सा दातांसाठी आलेला होता. कामगार वस्त्यांतून वर्षानुवर्षे सडलेल्या दातांनिशी जगणारी माणसे कवळी बसवून घ्यायला रांगेत उभी राहिली. त्या काळच्या ब्रिटनमध्ये नैसर्गिक दात हे धन मानले जात नसे. काही भागांत तर लग्नापूर्वी मुलीचे सगळे दात काढून कवळी बसवून देत, म्हणजे पुढे नवऱ्याला दंतवैद्याचा खर्च नको. १९६८ सालच्या पाहणीतसुद्धा इंग्लंड आणि वेल्समधल्या ३७ टक्के प्रौढांच्या तोंडात स्वतःचा एकही दात उरलेला नव्हता.

अंदाजपत्रक कोलमडले. त्यात कोरियाचे युद्ध आले आणि शस्त्रसज्जतेसाठी तीन वर्षांत ४७० कोटी पौंड खर्चण्याचे ठरले. एप्रिल १९५१ मध्ये अर्थमंत्री ह्यू गेट्सकेल यांनी पहिल्यांदाच आरोग्य सेवेत शुल्क आणले. कशावर? कवळ्यांवर आणि चष्म्यांवर. त्यातून पहिल्या वर्षी वाचणार होते सुमारे १ कोटी ३० लाख पौंड. शस्त्रांच्या खर्चापुढे ही रक्कम म्हणजे चिल्लर. बेव्हन यांनी राजीनामा दिला. त्यांच्यासोबत पुढे पंतप्रधान झालेले हॅरॉल्ड विल्सनही बाहेर पडले. त्याच वर्षी मजूर पक्ष निवडणूक हरला, आणि १९५२ मध्ये नव्या सरकारने दंतोपचारावर सरसकट एक पौंड शुल्क बसवले.

बेव्हन यांचा त्रागा रकमेसाठी नव्हता. एकदा भिंतीतली वीट काढली की कोणती वीट पुढे निघेल हे सांगता येत नाही, हे त्यांना दिसत होते. आणि पहिली वीट दाताची निघाली, कारण दात जाऊन माणूस मरत नाही. राज्यकर्त्यांच्या हिशेबात दात शरीरापासून वेगळा निघतो तो इथे.

अटलांटिकपलीकडे तर तो आत कधी आलाच नाही. ३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मिसूरी राज्यातल्या इंडिपेन्डन्स गावी, वयोवृद्ध माजी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांना शेजारी बसवून, मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली. ६५ वर्षांवरील अमेरिकनांना रुग्णालयाचे आणि डॉक्टरांचे छत्र मिळाले. मात्र दातांची निगा, उपचार, दात भरणे, काढणे आणि नवे बसवणे या गोष्टी कायद्याने शब्दशः वगळल्या. कॅनडाच्या सार्वजनिक विम्यातही रुग्णालयात करावी लागणारी शस्त्रक्रिया सोडली तर दात बाहेरच राहिला.

इतिहासाची यात एक गंमत आहे. दंतवैद्यकाचे पहिले स्वतंत्र महाविद्यालय अमेरिकेतच, बाल्टिमोरमध्ये, १८४० साली निघाले. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन दंतवैद्याचा युरोपात दबदबा असा की फिलाडेल्फियाचा थॉमस इव्हान्स पॅरिसमध्ये तिसऱ्या नेपोलियनचा दंतवैद्य झाला आणि युरोपातली राजघराणी त्याला बोलावू लागली. सप्टेंबर १८७० मध्ये साम्राज्य कोसळले तेव्हा सम्राज्ञी युजेनी आश्रयाला गेली ती याच दंतवैद्याच्या घरी; त्यानेच तिला आपल्या गाडीतून समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणि तिथून इंग्लंडला पोहोचवले. त्या काळी दात दुखला की श्रीमंत रुग्ण जागचा हलत नसे, दंतवैद्य त्याच्याकडे जाई. शंभर वर्षांत हे चित्र पुरते उलटले. अमेरिकन दंतवैद्यक जगात उत्तम राहिले, आणि सामान्य अमेरिकन माणूस दातांसाठी देशाबाहेर चालू लागला.

अक्षरशः चालू लागला. कॅलिफोर्निया, ॲरिझोना आणि मेक्सिको यांच्या सीमा जिथे जवळ येतात तिथे, कोलोरॅडो नदीच्या काठी, लोस अल्गोदोनेस नावाचे गाव आहे. नावाचा अर्थ कापसाशी जोडलेला. लौकिक मात्र ‘दाढांचे शहर’ असा. लोकवस्ती काही हजारांची, दंतवैद्य शेकडोंनी. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इथे दंतवैद्य बसू लागले. त्याआधी गावाची ओळख होती ती सीमेवरच्या इतर अनेक गावांसारखीच, मद्यालयांची.

इथे जाण्याची रीत ठरलेली आहे. अमेरिकेच्या बाजूला क्वेचान या मूळनिवासी जमातीचे वाहनतळ आहे. तिथे मोटार लावायची आणि पायी सीमा ओलांडायची. दहा पावलांवर पाट्या सुरू होतात : दात, चष्मे, औषधे. (पुन्हा तीच जोडी.) कॅनडा आणि उत्तरेकडच्या राज्यांतली निवृत्त माणसे हिवाळा काढायला युमाच्या आसपास येतात, घरासारख्या मोठ्या गाड्यांत राहतात, आणि याच मुक्कामात तोंडाचे काम उरकतात. जाताना कोणी फारसे अडवत नाही. येताना मात्र भर उन्हात लांब रांग. २००९ च्या जूनपर्यंत अमेरिकन नागरिकाला या परतीच्या वाटेवर पासपोर्टसुद्धा लागत नसे.

मेक्सिकोचा पेसो १९८२ मध्ये घसरला, १९९४ च्या डिसेंबरात पुन्हा कोसळला. मेक्सिकन कुटुंबांची बचत मातीमोल झाली, आणि डॉलर घेऊन येणाऱ्याला तीच कॅप आणखी स्वस्त पडली. या धंद्याच्या इतिहासात असे वारंवार दिसते : एका बाजूचे आर्थिक संकट ही दुसऱ्या बाजूची सवलत असते.

युरोपात हीच भूमिका हंगेरीच्या वाट्याला आली. १ जानेवारी १९७९ पासून ऑस्ट्रिया आणि हंगेरी यांनी एकमेकांच्या नागरिकांसाठी व्हिसा रद्द केला. शीतयुद्ध चालू, मधे तारेचे कुंपण उभे, आणि तरीही व्हिएन्नाचा माणूस सकाळी निघून दुपारी शोप्रोनमध्ये केस कापून, जेवून, दात दाखवून संध्याकाळी घरी येऊ शकत होता. समाजवादी हंगेरीत डॉक्टर सरकारी नोकर, पण उरलेल्या वेळात खासगी रुग्ण पाहण्याची मुभा होती. शिलिंगमध्ये पैसे देणारा ऑस्ट्रियन रुग्ण हा त्या संध्याकाळच्या दवाखान्याचा मोलाचा पाहुणा. हंगेरियनांना पश्चिमेकडे मोकळेपणी जाता येऊ लागले ते १९८८ पासून. तेव्हा ते व्हिएन्नाला जाऊन फ्रीज मोटारीच्या टपावर बांधून आणू लागले. एका दिशेने फ्रीज, दुसऱ्या दिशेने दात.

जून १९८९ मध्ये दोन्ही देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी शोप्रोनजवळ कुंपणाची तार समारंभपूर्वक कापली. १९ ऑगस्टला तिथेच भरलेल्या ‘पॅन-युरोपियन सहली’च्या निमित्ताने शेकडो पूर्व जर्मन नागरिक ऑस्ट्रियात निसटले, बर्लिनची भिंत पडण्याच्या कहाणीत हा प्रसंग अग्रभागी असतो. त्या कहाणीत न येणारी गोष्ट अशी की कुंपण गेल्यावर त्याच पट्ट्यात खासगी दंतचिकित्सालयांचे पेव फुटले. व्हिएन्ना-बुडापेस्ट रस्त्यावरच्या मोशोनमाग्यारोवार या मध्यम आकाराच्या गावात दंतवैद्यांची दाटी एवढी झाली की गावाची ओळखच तीच बनली. जर्मन भाषेतल्या पाट्या, जर्मन बोलणाऱ्या मदतनीस मुली, आणि मागल्या खोलीत वाकून काम करणारे दंततंत्रज्ञ.

हे मागल्या खोलीतले लोक महत्त्वाचे. परदेशातला दंतोपचार स्वस्त का, याचे उत्तर बहुतांशी त्यांच्यापाशी आहे. दाताची कॅप किंवा ब्रिज ही आजही पुष्कळशी हातकारागिरी आहे : ठसा घ्यायचा, साचा करायचा, रंग जुळवायचा, घासून बसवायचे. धातू, पोर्सिलेन, यंत्रे यांच्या किमती सगळीकडे जवळपास सारख्या. फरक पडतो तो हाताच्या मजुरीत, जागेच्या भाड्यात, दंतवैद्याच्या शिक्षणकर्जात आणि खटल्याच्या भीतीने काढलेल्या विम्याच्या हप्त्यांत. सीमा ओलांडणारा रुग्ण कमी प्रतीचा माल घेत असतो असे नाही. त्याच कामाचे माणशी मोल तिथे कमी लावलेले असते.

तरीही एक दात भरून घेण्यासाठी कोणी विमानाने जात नाही. तो हिशेब बदलला एका स्वीडिश हाडतज्ज्ञामुळे. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडातला रक्तप्रवाह अभ्यासत होते. प्रयोग संपल्यावर हाडात बसवलेली टायटेनियमची नळी काढायला गेले, तर ती निघेना. हाड धातूला घट्ट धरून बसले होते. १९६५ मध्ये गोथेनबर्गला त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटेनियमचे स्क्रू बसवून त्यांवर दात उभे केले. मेडिकेअरने दात वगळले तेच हे वर्ष. दंतवैद्यकाच्या जगाने ही पद्धत मनापासून स्वीकारायला मात्र १९८२ ची टोरांटो परिषद उजाडावी लागली.

इम्प्लांटने दोन गोष्टी केल्या. दातामागे लागणारी रक्कम इतकी वाढवली की विमानाचे तिकीट आणि हॉटेल धरूनही परदेशी जाणे परवडू लागले. शिवाय कामाची विभागणी आपोआप दोन टप्प्यांत झाली : आधी स्क्रू, मग हाड धरेपर्यंत काही महिन्यांची वाट, मग वरचा दात. म्हणजे दोन सहली. कवळीच्या काळात असा प्रवास सीमेवरच्या माणसापुरता होता. इम्प्लांटने तो डब्लिन आणि लंडनपर्यंत नेला.

२००४ च्या १ मे रोजी हंगेरी युरोपीय संघात आला आणि स्वस्त विमान कंपन्या बुडापेस्टला उतरू लागल्या. तिकडे ब्रिटनमध्ये १९९२ मध्ये सरकारने दंतवैद्यांच्या मोबदल्यात ७ टक्के कपात केल्यापासून अनेकांनी सरकारी रुग्ण घेणे कमी केले होते. २००६ च्या नव्या करारानेही तो रोष शमला नाही. आयर्लंडने मंदीच्या तडाख्यात २०१० पासून विमाधारक कामगारांचा दंतलाभ जवळपास तपासणीपुरता उरवला. तिथली माणसे उत्तर आयर्लंडमधल्या न्यूरीला गेली, ज्यांचे काम मोठे होते ती बुडापेस्टला. १९५१ सालची ती वीट अशी साठ वर्षे निघतच राहिली.

आता पुन्हा कोल यांच्या खटल्याकडे. लक्झेंबर्ग सरकारचे दोन मुख्य युक्तिवाद होते. पहिला पैशाचा : नागरिक वाटेल तिथे जाऊ लागले तर विमा निधीचे गणित कोसळेल. न्यायालयाने विचारात घेतले की कोल जर्मन दर मागतच नव्हते. लक्झेंबर्गमध्ये जेवढे मिळाले असते तेवढेच द्या, एवढेच त्यांचे मागणे. मग निधीचे नुकसान कसले? दुसरा युक्तिवाद दर्जाचा : परदेशी दंतवैद्य कसा असेल कोण जाणे. त्यावर न्यायालयाने १९७८ सालच्या युरोपीय निर्देशांकडे बोट दाखवले. सदस्य देशांनी एकमेकांच्या दंतवैद्यांची पात्रता वीस वर्षांपूर्वीच मान्य केली होती. ट्रियरचा दंतवैद्य कायद्याच्या नजरेत लक्झेंबर्गच्या दंतवैद्याइतकाच चांगला होता.

या निकालाच्या पाठोपाठ अनेक निकाल आले आणि २०११ मध्ये सीमापार आरोग्यसेवेचा युरोपीय निर्देश झाला. ऑक्टोबर २०१३ पर्यंत तो सर्व सदस्य देशांनी अमलात आणायचा होता. रुग्णालयात मुक्काम लागणाऱ्या किंवा फार महागड्या उपचारांसाठी पूर्वपरवानगी मागण्याची मुभा देशांना राहिली. दंतोपचार बहुतेक वेळा खुर्चीत बसून उठण्याचा, त्यामुळे तो सर्वांत मोकळा. कागदावर दात जिंकला होता.

पण मेख त्याच अटीत होती जिच्यामुळे कोल जिंकले. परतावा मिळणार तो घरच्या दराने. ज्या देशाच्या विम्यात दात आहे त्याच्या नागरिकाला तो बुडापेस्टमध्येही मिळतो. ज्या देशाने इम्प्लांट मुळातच वगळले आहे त्याच्या नागरिकाचा घरचा दर शून्य, म्हणून परतावाही शून्य. सर्वाधिक गरज ज्याला तो स्वतःच्या खिशातूनच देत राहिला. ब्रिटनला तर युरोपीय संघ सोडल्यावर, २०२१ पासून, ही वाटसुद्धा उरली नाही.

मराठी घरांना ही गोष्ट परकी नाही. अमेरिकेत स्थायिक झालेली मुले-सुना सुट्टीत पुण्या-मुंबईला येतात तेव्हा लग्नकार्ये, देवदर्शन आणि साड्यांची खरेदी यांच्या यादीत रूट कॅनल आणि कॅप हेही असते. ठरलेल्या डॉक्टरांची वेळ आई-वडिलांनी आधीच घेऊन ठेवलेली असते. गोव्यात हिवाळ्याचे पाहुणे समुद्रकिनाऱ्याबरोबर दंतवैद्याचीही खुर्ची गाठतात. मुंबईत नायर दंत महाविद्यालय १९३३ सालचे, दंतवैद्यांची नोंदणी बांधणारा भारतीय कायदा १९४८ चा, म्हणजे ब्रिटिश आरोग्य सेवेचा समवयस्क. पाहुण्याला स्वस्तात मिळणाऱ्या कौशल्यामागे ही जुनी गुंतवणूक आहे. मात्र त्याच शहरात राहणाऱ्या माणसाच्या मेडिक्लेमची अटींची पाने उलटली तर अपघाताखेरीज दंतोपचार वगळल्याचे बहुधा तिथेही आढळते.

प्रवासातल्या दंतोपचाराचा खरा धोका अकुशल हात हा क्वचितच असतो. धोका वेळेचा असतो. दहा दिवसांच्या सुट्टीत जबडा बरा होत नाही, हिरडीची सूज उतरत नाही, आणि परतीचे तिकीट काढलेले असते. सहा महिन्यांनी ब्रिज हलू लागला तर दाखवायचे कोणाला? घरचा दंतवैद्य दुसऱ्याच्या कामाला हात लावायला कचरतो, मूळचा दोन हजार किलोमीटर दूर. अलीकडे तुर्कस्तानात जाऊन हसरे दात करून आणणाऱ्या ब्रिटिश तरुणांबाबत तिथल्या दंतवैद्यांच्या संघटनेने हाच इशारा दिला. पुढच्या पृष्ठावर चिकटवण्याची पातळ पापुद्र्यासारखी व्हीनिअर मागायला गेलेल्यांचे निरोगी दात चहूबाजूंनी घासून खुंट्या केल्या गेल्या आणि त्यांवर कॅप बसवल्या गेल्या. पंचविशीत घासलेला दात पुन्हा उगवत नाही. ती कॅप आयुष्यात अनेकदा बदलावी लागते, आणि प्रत्येक वेळी विमान पकडावे लागते.

मे २०२१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने मौखिक आरोग्यावर ठराव करून ते सार्वत्रिक आरोग्यसेवेत आणण्याचे आवाहन केले. कॅनडाने डिसेंबर २०२३ मध्ये सार्वजनिक दंतोपचार योजनेची नोंदणी उघडली. पहिला मान ८७ वर्षांवरील नागरिकांना. अमेरिकेतही २०२१ मध्ये मेडिकेअरमध्ये दात आणण्याचा प्रस्ताव काँग्रेसपुढे होता, पण खर्चाच्या वाटाघाटीत तो गळला. १९६५ चे वगळणे, किरकोळ अपवाद सोडले तर, अद्याप कायद्यात आहे. नोव्हेंबर लागला की क्वेचानांचे वाहनतळ सकाळी लवकर भरते.